"आजी चालत्याफिरत्या आहेत ना?"

फोनवरचा आवाज आर्जवी होता. प्रश्नही साधाच होता. पण तो दिवसभरात मला सहाव्यांदा विचारला जात होता आणि सहाव्यांदा मी तेच उत्तर देत होते, "नाही हो, सध्या पडूनच आहेत." मग पलीकडून एक छोटी शांतता, आणि नंतर, "नाही, त्याचं काय आहे, आमच्याकडे स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात." चालत्याफिरत्या असत्या तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता, हे शब्द ओठांवर आले होते. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा आवाजही नसतो. "बरं, कुठे चौकशी करू, ते तरी सांगा," एवढेच म्हटले आणि वहीत पुढच्या नावावर बोट ठेवले.

माझी आत्या राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ८१. गेली दोन वर्षे एकटी. ऐन पावसाळ्यात मागीलदारी शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शेजारच्या मुलाने १०८ ला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात पाय बांधून दिला, वेदनेचे इंजेक्शन दिले आणि "कोल्हापूरला न्या" म्हणून सांगितले. भर पावसात अणुस्कुऱ्याचा घाट चढून ती कोल्हापूरला पोहोचली, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले, उत्तम झाले. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. आता यांना घरी न्या. दोन-तीन महिने नीट शुश्रूषा झाली की वॉकर धरून चालतील."

डॉक्टरांचे काही चुकले नव्हते. त्यांची खाट दुसऱ्या मोडलेल्या हाडाची वाट पाहत होती. प्रश्न एवढाच होता की, घरी म्हणजे कुठे? वाडीतल्या घरात आत्याशिवाय दुसरे माणूस नाही. मुलगा डोंबिवलीला, दोन खोल्या, नवरा-बायको दोघेही सकाळची लोकल पकडणारी. मुलगी वापीला, तिच्या घरी तिचीच सासू अंथरुणाला खिळलेली. मी पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. "नीट शुश्रूषा" हे दोन शब्द डिस्चार्जच्या कागदावर लिहायला सोपे होते. ते द्यायला ठिकाण हवे होते. एक खाट, दिवसातून चार वेळा कूस बदलणारे हात, आणि रात्री हाक मारली तर ओ देणारे कुणीतरी. अशी खाट या महाराष्ट्रात कुठे मिळते, हे शोधायला मी वही घेऊन बसले आणि तीन दिवसांत मला आपल्या राज्याचा एक वेगळाच नकाशा पाहायला मिळाला.

आधी शब्दाचीच गंमत पाहा. आपण ज्याला सर्रास 'नर्सिंग होम' म्हणतो, त्याचे सरकारी मराठी नाव आहे 'शुश्रूषागृह'. इतका सुंदर शब्द फक्त नोंदणीच्या फाइलींत आणि डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर उरला आहे. त्यामागचा कायदा १९४९ चा, मुंबई इलाख्याच्या काळातला. त्यात शुश्रूषागृहाची व्याख्या केली आहे ती अशी की, आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती जागा; प्रसूतिगृहही त्यातच आले. यातला तिसरा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आजारी वेगळा, जखमी वेगळा आणि दुर्बल, जराजर्जर, वेगळा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आत्यासारखी माणसेही होती.

ही शब्दरचना आपली नव्हे, इंग्रजांची. इंग्लंडमध्ये १९२७ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला, त्यातले हेच तीन शब्द आपल्याकडे आले. पण पुढे एकाच रोपाच्या दोन फांद्या दोन दिशांना वाढाव्यात तसे झाले. इंग्लंडमध्ये १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, शस्त्रक्रिया आणि बाळंतपणे सरकारी इस्पितळांत फुकट होऊ लागली, आणि नर्सिंग होम या नावाखाली हळूहळू उरले ते म्हातारपणी सांभाळ करणारे घर. आपल्याकडे सरकारी इस्पितळे पुरी पडली नाहीत, म्हणून नर्सिंग होम म्हणजे खासगी छोटे इस्पितळ झाले. तिकडे नर्सिंग होममध्ये माणसे शेवटचे दिवस काढतात, इकडे आपली निम्मी पिढी नर्सिंग होममध्ये जन्माला आली. तिसरा शब्द मात्र आपल्याकडे कुठेतरी गळून पडला.

अगदी सुरुवातीपासून गळला होता असेही नाही. माझ्या लहानपणीचे आमच्या गल्लीतले नर्सिंग होम मला चांगले आठवते. तालुक्याच्या गावी असते तसेच. डॉक्टर सर्जन, डॉक्टरीणबाई बाळंतपणे करणाऱ्या. खाली दवाखाना, वर आठ-दहा खाटा, त्याच्या वर त्यांचे बिऱ्हाड. रात्री दोन वाजता बेल वाजवली तर डॉक्टर लुंगीवर खाली येत. जिन्यात फिनेलचा आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फोडणीचा असा मिळून एक वास असे. सिस्टर म्हणजे बाईंनी हाताखाली शिकवून तयार केलेली गावातलीच मुलगी, हे खरे, आणि कायद्याला ते मुळीच मंजूर नव्हते. त्या खाटांवर माझ्या आजीने आयुष्याचे शेवटचे दीड महिने काढले. तिला विशेष उपचार असे काही नव्हतेच. सलाइन लावायचे, काढायचे, पाठीला पावडर लावायची. "असू द्या हो, खाट रिकामीच आहे, घरी तुमची पोरं परीक्षेला बसलीत," असे डॉक्टर वडिलांना म्हणाल्याचे मला आठवते. बिल किती झाले माहीत नाही. हप्त्याने दिले एवढे ठाऊक आहे.

ती 'असू द्या'ची खाट आता नाही. का नाही, याची कारणे रागावण्यासारखी नाहीत, आणि म्हणूनच अधिक अवघड आहेत. त्या डॉक्टरांचा मुलगा डॉक्टर झाला, पण मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी करतो. रात्री दोनची बेल त्याला नको आहे आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? अनेक वर्षे मोजक्या शहरांपुरता असलेला नोंदणीचा कायदा या शतकात सगळ्या राज्याला लागू झाला. २०२१ साली नियम आणखी कडक झाले. दरपत्रक लावा, रुग्णांच्या हक्कांची सनद लावा, प्रशिक्षित परिचारिका ठेवा. त्याच वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० अर्भके दगावली, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात आग लागून ११ रुग्ण गेले. दोन्ही रुग्णालये सरकारी होती, पण त्यानंतर अग्निसुरक्षेच्या दाखल्याची तपासणी सगळीकडेच कडक झाली. ती व्हायलाच हवी होती. पण अरुंद जिन्याच्या, दुसरी वाट नसलेल्या जुन्या इमारतीतल्या आठ खाटांच्या शुश्रूषागृहाला ती परवडणारी नव्हती. त्यात कॅशलेस विमा आला आणि रुग्ण मोठ्या इस्पितळांकडे वळले. आमच्या गल्लीतल्या त्या नर्सिंग होमच्या जागी आता मोबाइलचे दुकान आणि वर कोचिंग क्लास आहे.

विम्याचे म्हणाल तर आत्याच्या मुलाने तिचा विमा उतरवलेला होता, कौतुकाची गोष्ट. ऑपरेशनचा बराचसा खर्च त्यातून निघाला. पण त्यानंतरच्या सांभाळाचे विचारायला गेला तर त्याला पॉलिसीतले कलम दाखवण्यात आले. नुसती विश्रांती, पुनर्वसन, निव्वळ देखभाल यांसाठी इस्पितळात राहणे विम्यात बसत नाही. आणि हे एका कंपनीचे नव्हे, आरोग्यविम्यात सगळीकडेच असणारे कलम आहे. हाड जोडायला पैसे आहेत. हाड जुळेपर्यंत माणूस सांभाळायला नाहीत.

आता नकाशाकडे येते.

कोकणापासूनच सुरुवात करू, कारण आत्या तिथली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत घटली, त्यात मुंबई शहर सोडले तर उरलेले दोन रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीची तर जवळजवळ ८२ हजारांनी घटली. दर हजार पुरुषांमागे तिथे ११२२ बायका. हे आकडे म्हणजे दुसरे काही नाही, चाकरमानी मुंबईला गेला आणि आई, बायको, आत्या घरी राहिली, या शंभर वर्षांच्या गोष्टीची बेरीज आहे. घरे आहेत, अंगण आहे, हापूस आहे. उचलून बसवायला माणूस नाही. आणि इस्पितळ? उत्तर रत्नागिरीचा माणूस मुंबईकडे पाहतो, दक्षिणेचा कोल्हापूरकडे, आणि सिंधुदुर्गचा वर्षानुवर्षे गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी महाविद्यालयाकडे. २०१८ साली गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावायला सुरुवात केली तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढी खळबळ उडाली, ते अनेकांना आठवत असेल. गोव्याचेही खरेच होते. त्यांच्या खाटा त्यांच्या करदात्यांच्या. पण ज्या आजीचा बांबोळीचा केसपेपर पंधरा वर्षांचा, तिला एकाएकी आपण परराज्यातल्या आहोत हे कळले. आता रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली आहेत. ती स्थिरस्थावर होतील तेव्हा अणुस्कुऱ्याचा घाट थोडा कमी चढावा लागेल, अशी आशा करू.

पूर्वेकडे जावे तसतसे अंतर आणखी बोलू लागते. गडचिरोली जिल्ह्यात भामरागडहून जिल्ह्याच्या गावाला यायचे तर दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीने पूल पाण्याखाली घेतला की तोही बंद. तिथे खासगी शुश्रूषागृह कोण काढणार? डॉक्टर दांपत्य तिथे जाते ते बिऱ्हाड थाटायला नव्हे, व्रत घ्यायला. हेमलकशाची गोष्ट म्हणूनच गोष्ट होते. पुण्याच्या एका रस्त्यावर पंधरा पाट्या दिसतात, त्याची गोष्ट होत नाही.

या असमतोलाला आपल्याकडे एक खास मराठी सरकारी शब्द आहे, अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण यांच्याबरोबर आरोग्यसेवेचाही अनुशेष मोजला होता. विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र अशी वैधानिक विकास मंडळे १९९४ साली आली, २०२० साली त्यांची मुदत संपली. मधल्या काळात केळकर समितीचाही अहवाल २०१३ साली आला. मोजणे आपल्याला चांगले जमते. पण ही मोजदाद सरकारी खाटांची. खासगी खाट मोजायला अनुशेष नाही. ती पैसा जिथे असेल तिथे उगवते, जसे गवत पाण्याच्या कडेला उगवते. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांचेच पाहा. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली लागू झाली. योजना चांगलीच आहे. पण ही मोठी न्यास-रुग्णालये एकवटली आहेत मुंबई-पुण्यात. मग हिंगोलीच्या गरिबाची राखीव खाट कुठे? तर गिरगावात किंवा शिवाजीनगरात. तिथवर पोहोचण्याचे भाडे, बरोबरच्या माणसाचे राहणे, बुडालेली मजुरी हे सगळे त्या 'मोफत' खाटेच्या पायाशी बसलेले असते.

आणि सरकारी खाट कशी भरून वाहते ते नांदेडने दाखवले. २०२३ च्या सप्टेंबरअखेर तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात अर्भके होती. औषधे होती की नव्हती, यावर पुष्कळ बोलले गेले. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. हे एकच मोठे रुग्णालय नांदेडचेच नव्हे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतले आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातलेही रुग्ण घेत होते. अशा ठिकाणी बरे झालेल्या, पण चालू न शकणाऱ्या म्हातारीला आणखी आठ दिवस खाट द्या, असे कोण कोणत्या तोंडाने म्हणेल? जिथे एका खाटेवर दोघी बाळंतिणी असतात तिथे शुश्रूषा हा चैनीचा शब्द होतो.

मग उरतो वृद्धाश्रम. माझ्या वहीत अकरा नावे होती. त्यांतली आठ पुणे आणि आसपासची, दोन नाशिकची, एक कर्जतकडचे. रत्नागिरी जिल्ह्यातले एकही नव्हते. माझ्या माहितीतले नव्हते, असे म्हणते. शासनाची वृद्धाश्रमांची योजना १९६३ पासूनची. १९९५ साली 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आली, प्रत्येकी १०० वृद्धांची सोय. मग केंद्राचा २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. त्यात लिहिले आहे की राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा, सुरुवातीला किमान १५० निराधार वृद्धांसाठी. छत्तीस जिल्हे धरले तर झाले ५४००. महाराष्ट्रात २०११ सालीच साठी उलटलेली माणसे होती सुमारे एक कोटी अकरा लाख. बरे, हे सगळे निराधारांसाठी. आणि तेही कागदावरचे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला याच कायद्याच्या अंमलबजावणीवरून सरकारांना जाब विचारावा लागला. याच कायद्यात पुढच्याच कलमात सरकारी रुग्णालयांनी ज्येष्ठांना खाटा द्याव्यात असेही आहे. पण त्याला एक शेपूट जोडले आहे, 'शक्य असेल तेथवर'. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी १० खाटांचा वेगळा कक्ष असावा असे ठरले. रत्नागिरी जिल्ह्यात दहांत एक माणूस म्हातारा धरला तरी दीड लाखावर होतात.

पण संख्येपेक्षा मला अडवले ते त्या प्रश्नाने. चालत्याफिरत्या आहेत ना? अनेक वृद्धाश्रमांच्या नियमपत्रकात ही अट पहिल्या पाचांत असते. प्रवेश घेताना चालणारे आजोबा पुढे अंथरुणाला खिळले तर 'पालकांनी' त्यांना घेऊन जावे, अशीही असते. (इथे पालक म्हणजे मुलगा. शब्द कसे उलटतात पाहा.) एका आश्रमाच्या संचालिका माझ्याशी अर्धा तास बोलल्या. त्या म्हणाल्या, "ताई, आम्हाला काय दयामाया नाही का? चालणाऱ्या वीस माणसांना एक बाई पुरते. पडलेल्या वीस माणसांना दिवसाला पाच लागतात आणि रात्रीला तीन. त्या टिकत नाहीत. आणि एकाच्या जरी पाठीला जखम झाली तरी मुलगा पोलिसांत जायची भाषा करतो." म्हणजे इस्पितळ म्हणते, तुम्ही आजारी नाही. आश्रम म्हणतो, तुम्ही धडधाकट नाही. १९४९ च्या कायद्यातला तो तिसरा शब्द या दोन दारांच्या मधल्या जिन्यात उभा आहे.

जिन्यात उभे राहायची ज्यांची ऐपत नाही त्यांचे सोडा. ज्यांची आहे त्यांच्यासाठी गेल्या काही वर्षांत पुण्याच्या आसपास नवी घरे निघाली आहेत. फिजिओथेरपी, नर्स, उचलायची खाट सगळे आहे. वहीतल्या नवव्या नावाने मला आत्याला घेण्याची तयारी दाखवली. महिना ३८ हजार, तीन महिन्यांची अनामत, डायपर आणि औषधे वेगळी. जागा शहराबाहेर, मुख्य रस्त्यापासून आत. मुंबईतल्या जागेच्या भावात अशी खाट बसत नाही, म्हणून मुंबईचे आई-वडील कर्जत, नेरळ, पुण्याकडे सरकतात. मुलगा रविवारी भेटायला येतो. मग एका रविवारआड. मग फोनवर.

हे आपलेच दुखणे आहे असे समजू नका. जपानने २००० साली म्हातारपणाच्या सांभाळाचा सक्तीचा विमा सुरू केला. चाळिशीनंतर प्रत्येकाने हप्ता भरायचा. तरीही २०१४ मध्ये तिथे सार्वजनिक वृद्धशुश्रूषागृहांच्या प्रतीक्षायादीत सव्वापाच लाख माणसे होती. सगळ्यांत जास्त अडचण टोकियोची, कारण जमीन नाही. तेव्हा टोकियोच्या सुगिनामी नावाच्या एका प्रभागाने काय केले, तर काही तासांच्या अंतरावर, इझू द्वीपकल्पाच्या टोकाला मिनामी-इझू या समुद्रकाठच्या गावात आपल्या नागरिकांसाठी शुश्रूषागृह उभारायला हातभार लावला. ते २०१८ साली सुरू झाले. त्याच गावात या प्रभागाची पूर्वी अशक्त मुलांसाठी निवासी शाळा होती. मुले कमी झाली, शाळा २०१२ ला बंद पडली, आणि सहा वर्षांनी त्याच गावी म्हातारी माणसे जाऊ लागली. गावाला नोकऱ्या मिळाल्या, शहराला खाटा. टीकाही झाली, म्हाताऱ्यांना समुद्रकाठी नेऊन सोडले म्हणून. हे वाचताना मला सारखे कोकण दिसत होते. फरक एवढाच, आपल्याकडे म्हातारी माणसे आधीच समुद्रकाठी आहेत. त्यांच्यासाठी शहराकडून यायचे ते अजून आलेले नाही.

केरळचा रस्ता मात्र मला अधिक जवळचा वाटला. तेही चाकरमान्यांचेच राज्य. फक्त त्यांची मुंबई आखातात. २०११ च्या जनगणनेत देशात सर्वाधिक वृद्ध तिथेच, १२.६ टक्के, आपण ९.९ वर होतो. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करणारा एक दवाखाना सुरू केला. त्यातून गावोगाव शेजारपाजाऱ्यांचे गट उभे राहिले. ज्यांना मदत करायची आहे त्यांना जखम धुवायला, नळी सांभाळायला, कूस बदलायला शिकवायचे, आणि त्यांच्यामागे नर्स आणि डॉक्टर उभे करायचे. २००८ साली राज्य सरकारने याचे धोरण केले आणि पंचायतींकडे जबाबदारी दिली. आता पंचायतीची नर्स गाडीतून घरोघर जाते. तिथे माणसाला खाटेकडे नेण्याऐवजी शुश्रूषाच माणसाच्या खाटेकडे येते. सगळे आलबेल असेल असे नाही. पण मी कल्पना करून पाहिली, राजापूरच्या त्या वाडीत आठवड्यातून दोनदा अशी नर्स आली असती, शेजारच्या दोघी-तिघींना कूस बदलायचे शिकवले असते, तर आत्या आपल्या माजघरातच राहिली असती. आमच्या गावात आशाताई आहे, हुशार आहे. तिच्या वहीत गरोदर बायका आहेत, लसीकरण आहे, क्षयरोगी आहेत. आत्यासाठी रकाना नाही.

अखेर आत्या डोंबिवलीला गेली. हॉलमधला सोफा जिन्याखाली ठेवला, त्या जागी सर्जिकल दुकानातून भाड्याने आणलेली मागेपुढे उचलायची खाट आणि हवेची गादी. ब्यूरोकडून दिवसाची बाई ठेवली. रात्रीचे मुलगा आणि सून आळीपाळीने करतात आणि सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या झोपतात. ब्यूरोचा माणूस पहिल्या महिन्याचे कमिशन घेऊन गेला. बाई पूर्वी कुणाकडे होती, तिने कुठे शिकून घेतले, असे काही विचारायची सोय नव्हती. आमचे नशीब चांगले म्हणून बाई चांगली निघाली.

मागच्या आठवड्यात मी आत्याला भेटून आले. वॉकर धरून ती आता न्हाणीघरापर्यंत जाते. वाडीतल्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, गळती कुठे लागली असेल याची चिंता तिला आहे. बाई लातूर जिल्ह्यातली. नवरा नाका कामगार. तिची स्वतःची आई गावाकडे अर्धांगाने पडून आहे, चौदा वर्षांची भाची तिचे करते, आणि इकडून दर महिन्याला पैसे जातात. दुपारी दोन वाजता आत्याला जेवू घालून झाले की ती गॅलरीत जाऊन गावी फोन लावते. मी गेले होते त्या दिवशी बोलण्याच्या नादात अडीच वाजून गेले, तर आत्याच खाटेवरून म्हणाली, "अगो, तुझा फोन राहिला ना. जा आधी. पोरगी शाळेतून आली असेल, आजीला कुशीवर घेतलंन की नाही, विचार."